पांढरीवरचे घर आणि यादीतले घरकुल

मराठवाड्यात गाव म्हटले की दोन जमिनी येतात, काळी आणि पांढरी. काळी ही पिकाची, पांढरी ही वस्तीची. एकाच जागेवर पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली गेली, पडली, पडलेल्या भिंतींच्या मातीवर पुन्हा उभी राहिली. त्या मातीत चुलीची राख, शेण, भुसा मिसळत गेला आणि गावठाणाची जमीन भोवतालच्या रानापासून रंगानेच वेगळी झाली. हीच पांढरी माती माळवदावर टाकायची, हिच्याच चिखलात दगड बसवायचे, आणि घर पडलेच तर माती पुन्हा पांढरीला मिळायची.

बीड जिल्ह्यातल्या गावांमधून आज फिरताना या पांढरीवर दुसऱ्याच प्रकारचे घर दिसते. चार भिंती, वर सपाट स्लॅब, दर्शनी भिंतीवर योजनेचे नाव, लाभार्थ्याचे नाव आणि वर्ष. याला घर कोणी म्हणत नाही, ‘घरकुल’ म्हणतात. ‘आमचं घरकुल आलं’, ‘त्याचं घरकुल अडकलं’, ‘यादीत नाव आहे पण घरकुल नाही’. घर बांधले जाते, घरकुल मात्र येते, अडकते, मंजूर होते. भाषेने केलेला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

मी अभियंता नाही, वास्तुविशारद नाही. शासन निर्णय वाचणे, गावात जाऊन टेपने खोल्या मोजणे, गवंड्यांशी बोलणे, एवढीच माझी अभ्यासाची साधने. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली आणि खाली गोदाकाठची गावे पाहताना एक प्रश्न पक्का होत गेला. पुस्तकाची किंवा नाटकाची समीक्षा आपण ते कोणासाठी आहे आणि काय करू पाहते यावरून करतो. गरिबासाठी बांधलेल्या घराची समीक्षा मात्र आकड्यांवर संपते: उद्दिष्ट किती, पूर्ण किती, अपूर्ण किती. घर ‘पूर्ण’ झाले म्हणजे काय झाले, हे त्यात येत नाही.

कागदावरचे घर

गरिबांसाठी घर ही कल्पना केंद्राच्या योजनांत ठळकपणे आली ती १९८५मध्ये, इंदिरा आवास योजनेच्या रूपाने. सुरुवातीला ती रोजगाराच्या कार्यक्रमाचा भाग होती, १९९६मध्ये स्वतंत्र झाली. २०१६मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण)ने घेतली. महाराष्ट्रात तिच्या जोडीला अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि २०२३पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास, अशा योजना आहेत.

केंद्राच्या योजनेच्या मार्गदर्शक सूचना कोणी नीट वाचल्या तर तो चकित होईल. त्यात ठेकेदाराला जागा नाही, घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे आहे. घर शक्यतो स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावावर हवे. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची स्वतंत्र जागा. ‘पक्के’ घर म्हणजे योग्य देखभाल केल्यास तीस वर्षे टिकेल असे घर. सिमेंटच हवे, स्लॅबच हवा असे कुठेही म्हटलेले नाही. उलट स्थानिक साहित्य आणि स्थानिक पद्धती वापराव्यात असे सांगितले आहे. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ नावाने निरनिराळ्या प्रदेशांच्या हवामानाला आणि साहित्याला धरून घरांचे नमुनेही प्रसिद्ध केले. गवंड्यांसाठी ४५ दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे.

मग प्रत्यक्षात सगळीकडे एकच डबा का उभा राहतो?

याचे एक उत्तर यादीतच दडलेले आहे. घरकुलास पात्र कोण, हे ठरवताना पाहिले जाते ते कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर. मातीची भिंत हा अभावाचा पुरावा. ज्या कागदावर मातीची भिंत असल्यामुळे नाव लागले, त्याच कागदावर मातीची किंवा मातीत बांधलेल्या दगडाची भिंत दाखवून हप्ता मागायची हिंमत कोण करील? कामाची पाहणी करणाऱ्यालाही ती मंजूर करण्याची जोखीम नको असते. टप्प्याटप्प्याने फोटो काढायचा, तो जागेच्या अक्षांश-रेखांशांसह चढवायचा आणि मग पैसे सुटायचे, अशी व्यवस्था आहे. भ्रष्टाचार रोखायला तिचा उपयोग झालाच आहे. पण फोटोत ओळखू येते ते पायाचे काम, लिंटल आणि स्लॅब. भिंत किती जाड आहे, खोलीत हवा खेळते का, पुढे खोली वाढवता येईल का, हे फोटोत दिसत नाही. सूचनांमध्ये नसलेली अट अशी फोटोतून आत आली.

पैशाचा हिशेब पाहू. सपाट प्रदेशासाठी २०१६मध्ये ठरलेली मदत १ लाख २० हजार रुपये. २६९ चौरस फुटांना भागले तर चौरस फुटाला सुमारे ४४६ रुपये. शिवाय रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. ही मूळ रक्कम वर्षानुवर्षे तीच राहिली. या काळात सिमेंट, सळई आणि वाळूचे काय झाले, हे वाचकाला सांगायला नको. राज्य सरकारने २०२५मध्ये ५० हजारांची भर घातली. त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी आहेत. त्याच वर्षीच्या वाळू धोरणात घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे ठरले. भर स्वागतार्ह आहे. पण २५ चौरस मीटरच्या नुसत्या स्लॅबलाच वीस-बावीस पोती सिमेंट लागते. सळई, सेंट्रिंग आणि मजुरी वेगळी. घराच्या पैशातला मोठा वाटा गावाबाहेर जाणाऱ्या वस्तूंवर खर्च होतो आणि उरलेली तूट कुटुंबाने भरायची असते.

माळवद कसे होते

आता जे घर मागे पडले त्याच्याकडेही तितक्याच कठोरपणे पाहिले पाहिजे. माळवदाच्या घराचा सांगाडा लाकडाचा. खांब, त्यावर तुळया, त्यावर कडीपाट. फळ्या परवडल्या नाहीत तर तुराट्या. त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, कधी कधी दोन फुटांपर्यंत. घर मोजायचे ते खणांत, म्हणजे खांबांमधल्या जागेवर: तीन खणांचे, पाच खणांचे. बाहेरच्या भिंती मातीत बसवलेल्या दगडाच्या, दोन-अडीच फूट जाड. धूर जायला आणि उजेड यायला छपरात सानं. पाणी जायला पन्हाळ.

उन्हाळ्यात हे घर गार, हिवाळ्यात उबदार. पण त्याची किंमत श्रमात मोजावी लागे. दर वर्षी मृगाआधी माळवदावर चढायचे, गवताची मुळे काढायची, भेगा बुजवायच्या, नवी पांढरी टाकून चोपायची. जमिनी आणि भिंती सारवायच्या, आणि हे सारवण बायकांच्याच वाट्याचे. घर हे कधी न संपणारे काम होते. दुसरे असे की कडीपाटाचे माळवद सगळ्यांच्या वाट्याला कधीच आले नव्हते. वाड्याची आणि गढीची घरे ती. गावकुसाबाहेरच्या वस्तीत कुड होता, पाल होते, गवताचे छप्पर होते. जुन्या घरांचे गोडवे गाताना आपण बहुधा पाटलाच्या घराचे गोडवे गात असतो.

१९९३

माळवदावरचा विश्वास एका रात्रीत उडाला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास, विसर्जनाहून परतलेली माणसे झोपेत असताना, किल्लारीच्या परिसरात धरणी हलली. जवळपास आठ हजार माणसे गेली. बहुतेक मेली ती भिंतींच्या दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली. बीड जिल्हा त्या केंद्रापासून दूर होता, पण घरे तीच होती. त्या वर्षी मराठवाड्यातली असंख्य कुटुंबे महिनोन्‌महिने अंगणात झोपली.

नंतर अभ्यासकांनी पडलेल्या घरांची पाहणी केली तेव्हा दिसले ते असे: लाकडी सांगाडा अनेक ठिकाणी उभा राहिला होता, ढासळल्या होत्या त्या भिंती. भिंतीला आतले आणि बाहेरचे असे दोन थर असत, मध्ये गोटे-मातीची भर. दोन्ही तोंडांना सांधणारा आरपार दगड बसवायची शिस्त सुटलेली. भिंत आणि सांगाडा यांचा एकमेकांशी बांधा नाही. कोपरे जखडलेले नाहीत. छपरावर वर्षानुवर्षे मातीवर माती. यातल्या प्रत्येक दोषावर उपाय होता: ठरावीक अंतराने आरपार दगड, दारा-खिडक्यांवरून आणि भिंतीच्या माथ्यावरून चहूबाजूंनी फिरणारा काँक्रीटचा किंवा लाकडाचा पट्टा, आणि छपराचा भार हलका करणे. मातीच्या घरांसाठी आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भूकंपरोधक बांधणीची भारतीय मानके (आयएस १३८२७ आणि १३८२८) १९९३ सालचीच आहेत.

पुनर्वसन दोन तऱ्हांनी झाले. जागतिक बँकेच्या मदतीने उभ्या राहिलेल्या कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची. भूमिहीनाला २५०. भूकंपाने सगळ्यांना एका पातळीवर आणले होते, पुनर्वसनाने पुन्हा सातबारा काढला. सरळ रेषेतले रस्ते, शहरी कॉलनीसारखी मांडणी, मूळ गावापेक्षा कितीतरी मोठा पसारा. दुसरी तऱ्हा कमी बोलली गेली. तेरा जिल्ह्यांतली सुमारे दोन लाख घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करण्याचे काम घरमालकांच्या हाती दिले गेले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या आणि पट्टा म्हणजे काय, आरपार दगड कशाला, सिमेंट किती लावायचे, हे घराघरांत पोहोचले.

माझ्या मते या दुसऱ्या तऱ्हेत गरिबांच्या घराचा खरा धडा होता. पण लोकांच्या मनावर ठसला तो पहिला: दगड-माती म्हणजे मरण, स्लॅब म्हणजे जीव. ज्याने ढिगाऱ्याखालून माणसे काढली त्याला हा धडा चुकीचा आहे असे सांगण्याचा अधिकार मला नाही. शासनाला मात्र तांत्रिक ज्ञान हाताशी होते. ते घरकुलाच्या कामात उतरले असते तर निदान लिंटलचा पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरला असता. आज अनेक घरकुलांत तो फक्त दार-खिडकीपुरता तुटक दिसतो. स्लॅब आहे म्हणून घर सुरक्षित, हा समज इतका पक्का आहे की त्याखालची भिंत कोणी तपासत नाही.

कोयत्याचे पंचांग

बीडच्या घरकुलाची समीक्षा ऊसतोडीशिवाय होऊ शकत नाही. दिवाळी झाली की या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. मागे घरात म्हातारी माणसे आणि काही लेकरे, किंवा नुसते कुलूप.

आता बांधकामाचे पंचांग याच्या शेजारी ठेवून पाहा. आपल्याकडे घर बांधायला उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस थांबलेला, विहिरींना पाणी, ऊन सौम्य. नेमके याच काळात घरमालक फडावर असतो. तो परततो तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या, पारा चाळिशीपार आणि स्लॅबवर निदान दोन आठवडे पाणी मारायचे. टँकरवर जगणाऱ्या वाडीत सिमेंटला पाजायचे पाणी कुठून आणणार? मग ते कमी मारले जाते. काँक्रीट हे सुरुवातीच्या पाण्यावर ताकद धरणारे साहित्य. तहानलेला स्लॅब लवकर भेगाळतो आणि दोन पावसाळ्यांत गळायला लागतो. नंतर दोष येतो तो गवंड्यावर किंवा लाभार्थ्याच्या निष्काळजीपणावर.

रोजगार हमीच्या ९० दिवसांचेही तसेच. स्वतःच्या घरावर मजुरी मिळण्याची ही चांगली तरतूद, पण त्यासाठी मजूर गावात हवा. मंजुरीनंतर बारा महिन्यांत घर पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते. ऊसतोड कुटुंबाच्या हाती त्यातले जेमतेम सहा महिने येतात, त्यातही पावसाळा मोडतो. अहवालात ‘अपूर्ण घरकुले’ म्हणून जे आकडे येतात त्यामागे हे पंचांग किती आहे, याचा वेगळा रकाना नाही.

आणि तूट? ती कशी भरली, असे मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या अनेकांचे उत्तर एकाच शब्दाचे होते: ‘उचल’. मुकादमाकडून पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम. एका बाईंनी मला हिशेब असा सांगितला: ‘सरकारानं भिंती दिल्या, मुकादमानं सलाप दिला.’ सलाप म्हणजे स्लॅब. म्हणजे घर मिळाले ते आणखी एका-दोन हंगामांच्या गैरहजेरीच्या बदल्यात. ज्या घरात राहता यावे म्हणून ते बांधले, ते फेडण्यासाठी त्याला कुलूप लावून निघायचे. परवडणारे घर या शब्दप्रयोगाची यापेक्षा कठोर परीक्षा मला माहीत नाही.

या कुटुंबाचे वर्षातले दुसरे घर म्हणजे कोपी. बांबू, ताडपत्री, चटई, उसाचे पाचट. वर्षाचे पाच-सहा महिने त्यात जातात. कुठल्याही आवास योजनेच्या व्याख्येत ती बसत नाही, कारण ती लाभार्थ्याच्या गावात नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी २०२१मध्ये संत भगवान बाबा वसतिगृह योजना आली, हे मोठे पाऊल. पण कारखान्यावरच्या निवाऱ्याची, पाण्याची आणि शौचालयाची जबाबदारी अजूनही कारखाना, मुकादम आणि शासन यांच्यामध्ये लोंबकळते आहे.

मातीची नवी हौस

शहरात अलीकडे मातीच्या घरांची आवड वाढली आहे. पुण्याच्या आसपास शेतघरे मातीत बांधली जातात, त्यांची सुरेख छायाचित्रे येतात. बीडच्या पडक्या घरांतले सागवानी खांब, चौकटी आणि दारे व्यापारी घेऊन जातात, ती अशा घरांत आणि हॉटेलांत बसतात. मातीच्या बांधणीचे ज्ञान जपणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण गरिबाने मातीत राहावे हे त्याला सांगणारा स्वतः किती पावसाळे माळवदावर चढला, हा प्रश्न उरतोच.

इजिप्तचे वास्तुविशारद हसन फती यांनी १९४०च्या दशकात लक्झरजवळ नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांत, घुमट-कमानींत बांधले. जगभर त्याची वाखाणणी झाली. ज्यांच्यासाठी बांधले त्यांनी तिथे राहायला जायचे नाकारले. लॉरी बेकर यांचा मार्ग वेगळा होता. पाच मैलांच्या परिसरात मिळेल त्या साहित्यातून घर व्हावे, हा गांधींचा विचार ते सांगत. पण त्यांनी वीट सोडली नाही की सिमेंटही. भिंतीत पोकळी ठेवून विटा वाचवल्या, स्लॅबमध्ये जिथे काँक्रीट नुसता भार असतो तिथे कौले घातली. १९८५मध्ये केरळात स्थापन झालेल्या ‘कॉस्टफोर्ड’ने हे काम गरिबांच्या घरांपर्यंत नेले. आपल्याकडे वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावरच्या पोकळ कौलांपासून कमानीचे छत करण्याची पद्धत विकसित केली. सळईचा पैसा कुंभाराच्या घरात जावा हा त्यामागचा विचार. हे प्रयोग बीडच्या खेड्यात जसेच्या तसे चालतील असे नाही. त्यांतला प्रश्न मात्र इथलाच आहे: घरावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांतले गावात किती राहतात?

मोजायचे कसे

घरकुल नको, असे मला एकाही गावात कोणी म्हटले नाही. गळणाऱ्या छपराखाली साप-विंचवांच्या धाकात ज्यांनी रात्री काढल्या त्यांना त्या चार भिंतींचे आणि दाराला लागणाऱ्या कुलपाचे मोल माहीत आहे. बाईच्या नावावर घर लागणे ही तर पिढ्यांत न घडलेली गोष्ट. म्हणूनच मोजमाप बदलायला हवे.

पहिले, घर बारा महिन्यांचे नव्हे, कुटुंबाच्या हंगामांचे धरावे. ऊसतोड कुटुंबाला दोन हंगामांची मुदत द्यावी. पायाचा हप्ता परतीच्या वेळी हाती पडावा आणि स्लॅबचे काम पावसाच्या उघडिपीत, पाणी असताना व्हावे. दुसरे, पडलेल्या घराचा काळा दगड हे कुटुंबाचे भांडवल समजावे. आरपार दगड आणि सलग पट्टे घातलेली दगडी भिंत मानकांत बसते, ती अभियंत्याने निर्धास्तपणे मंजूर करावी यासाठी जिल्हा परिषदेने नमुना आराखडा आणि लेखी हमी द्यावी. तिसरे, प्रत्येक तालुक्यात एक तरी घर असे बांधून दाखवावे आणि ते पाहून निवड कुटुंबाने करावी. चौथे, पाच वर्षे झालेल्या घरकुलांची ग्रामसभेत पाहणी व्हावी. छत गळते का, दुपारी आत बसवते का, चूल आत आहे की पत्र्याच्या आडोशाला, शौचालयात पाणी आहे की सरपण, दुरुस्ती कोणी केली आणि किती पैशांत, एवढेच प्रश्न. हे विचारायला तज्ज्ञ लागत नाही.

जागेचा प्रश्न याच्याही आधीचा. ज्याच्या नावावर पांढरीत तुकडाही नाही त्याचे घरकुल यादीतच राहते. जागाखरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते, पण गावठाण वाढलेले नाही आणि रस्त्यालगतच्या जमिनीचे भाव त्या मदतीच्या कितीतरी पुढे गेले आहेत. गायरानावर वर्षानुवर्षे राहणारी कुटुंबे घरकुलास गरिबीने पात्र आणि जागेने अपात्र ठरतात.

केंद्राने २०२४मध्ये योजनेच्या पुढच्या टप्प्याला मंजुरी दिली, देशभरात आणखी दोन कोटी घरे. बीडच्या वाट्याला त्यातली मोठी संख्या येईल. नव्या यादीसाठी पुन्हा सर्वेक्षण झाले, पुन्हा भिंती आणि छपरे तपासली गेली. त्या प्रपत्रात आणखी एक रकाना घालणे अवघड नाही: हे कुटुंब वर्षातले कोणते महिने गावात असते? याचे उत्तर लिहिले गेले तर हप्त्यांच्या तारखा त्यावरून ठरवता येतील.